ताईने करायचे नाहीत असे फोन

प्लगभाऊला फोनचं वावडं होतं. समोर माणूस असला की तो बोलायचा. अडखळत, थांबत, पण बोलायचा. हातात एखादी वायर असली तर जरा जास्तच बोलायचा. फोन कानाला लावला की मात्र समोर चेहरा नसायचा. होकारार्थी हलणारी मान नसायची, वाट बघणारे डोळे नसायचे. पहिलं अक्षर घशाशी येऊन ठिय्या देऊन बसायचं आणि पलीकडचा माणूस दोनदा "हॅलो" करून फोन ठेवून द्यायचा.

म्हणून त्याच्या आयुष्यातले सगळे फोन ताई करायची. ताई त्याची सख्खी थोरली बहीण. दोघं एकाच घरात राहायची. नळ गळतोय, प्लंबरला फोन, ताई. दाढ ठणकतेय, दाताच्या डॉक्टरची वेळ, ताई. एकदा नोकरीच्या मुलाखतीची तारीख पुढे ढकलायची होती, तेव्हा ताईने आवाज जाड करून "मी उमेदवार स्वतःच बोलतोय" असं ठोकून दिलं होतं आणि ते खपलंही होतं.

"ठोंब्या, तुझ्या लग्नात होकारसुद्धा मीच देणार आहे बहुतेक," ती म्हणायची.

"दे. फ-फक्त नवऱ्या मुलीला आधी विचार," तो म्हणायचा.

तो नोकरी करायचा त्या वाचा-उपचार केंद्रात मात्र त्याला कुणी ठोंब्या म्हणत नसे. बोलताना अडखळणारी माणसं तिथे यायची. तोही आधी उपचारासाठीच आला होता. मॅडम त्याच्याकडून एक उतारा वाचून घेत असताना त्यांचा संगणक बंद पडला. त्याने टेबलाखाली वाकून सैल झालेला प्लग नीट बसवला आणि वर येऊन उरलेला उतारा वाचला. पुढे प्रिंटर, मग इंटरनेट, मग सगळंच त्याच्याकडे आलं. उपचार संपले, प्लगभाऊ हे नाव आणि नोकरी राहिली.

तो जुना संगणक अजून मॅडमच्या खोलीतच होता. दुपारनंतर तो पंख्यासारखा घरघरायचा. त्याच्या पोटात केंद्रात येऊन गेलेल्या प्रत्येकाचा आवाज होता: एक ध्वनिमुद्रण पहिल्या दिवसाचं, एक शेवटच्या. फायलींवर कुणाचंही नाव नव्हतं. आलेल्या माणसाला मॅडम पहिल्याच दिवशी विचारायच्या, तुमच्या घशात सगळ्यात जास्त अडकणारा शब्द कोणता? तो शब्द म्हणजे त्या माणसाची फाईल. एकीचं नाव 'दरवाजा', एकीचं 'कोथिंबीर', एकीचं 'मंगळवार'. कुठला शब्द कुणाचा हे मॅडमना ठाऊक आणि त्या माणसाला. प्लगभाऊलाही नाही.

आणि मग नियम आला. रुग्णांची अशी ध्वनिमुद्रणं टेबलावरच्या संगणकात ठेवायची नाहीत. झाडू मारायला आलेला माणूसही बटण दाबून उघडू शकेल अशा जागी तर नाहीच. ती नेटवर्कवरच्या सुरक्षित साठवणीत हलवायची, जिथे परवानगी असलेल्यालाच फाईल उघडेल आणि कुणी उघडली त्याची नोंद राहील. प्लगभाऊने ही साठवण आधीच उभी केली होती. मागच्या अडगळीच्या खोलीत, कुलूपबंद कपाटात, बुटांच्या खोक्याएवढं यंत्र हिरवा दिवा लुकलुकवत तयार बसलं होतं. फायली हलवणं म्हणजे एका दुपारचं काम. पण नियमाला शेपूट होतं. प्रत्येकाची संमती घ्यायची, आणि महिनाअखेरपर्यंत ज्याची मिळणार नाही त्याचा आवाज कायमचा पुसून टाकायचा.

"म-मेसेज पाठवूया," प्लगभाऊ म्हणाला.

"आणि घरात तो कोण वाचेल?" मॅडम म्हणाल्या. "निम्म्या लोकांनी आपण इथे येत होतो हे घरी सांगितलेलंच नाही. फोन करावे लागतील."

"मग तुम्ही क-करा."

"माझ्यासमोर दिवसभर माणसं बसलेली असतात. त्यांचं बोलणं तोडून मी फोन करत बसू?"

"बाहेरच्या कंप-कंपनीला द्या."

"गोपनीय फायली सुरक्षित करायच्या म्हणून त्या आधी परक्याच्या हातात द्यायच्या. छान." मॅडमनी चष्मा काढून पुसला. "तूच करायचे आहेत. मी तुला शब्द आणि नंबर देईन, नाव देणार नाही. फोनवर केंद्राचा उल्लेख करायचा नाही. 'आपला शब्द सांगता का?' एवढंच विचारायचं. ज्याचा असेल तो बरोबर सांगेल, आपला शब्द कुणी विसरत नाही. मग संमती विचारायची. दुसऱ्याच कुणी उचलला तर 'चुकीचा नंबर' म्हणून ठेवून द्यायचा."

प्लगभाऊने नुसती मान हलवली. ती होकाराची होती की हतबलतेची, हे मॅडमनी विचारलं नाही.

घरी ताईने त्याचा चेहरा पाहूनच ओळखलं. "कुणाला फोन करायचाय?"

"ब-बऱ्याच जणांना."

"मग तोंड पाडायला काय झालं? आण इकडे नंबर. रविवारी सकाळी बसते आणि फडशा पाडते."

"नाही देता येत. गोपनीय आहेत."

ताईचा हात कमरेवर गेला. "मी काय परकी? तुझं दाढदुखीपासून पगारापर्यंत सगळं मला माहीत."

"माझं माहीत आहे. त-त्यांचं नाही."

"मी काय गावभर सांगत फिरणार आहे?"

प्लगभाऊने दाराबाहेरच्या जिन्याकडे पाहिलं. शेजारणीच्या जावयाची नोकरी गेल्याचं सगळ्या जिन्याला कुणी सांगितलं होतं, हे दोघांनाही आठवत होतं. ताई तणतणत आत गेली आणि थोड्या वेळाने आतूनच ओरडली, "मग करणार कोण ते फोन?"

या प्रश्नाचं उत्तर देण्यात त्याची रात्र गेली.

दुसऱ्या दिवशी तो अडगळीच्या खोलीत जाऊन बसला. मॅडमनी तिथे एक टेलिफोन आणि तो रेकॉर्ड करायची सोय दिली होती. पहिला नंबर लावला. पलीकडून "हॅलो" आलं. 'आपला'मधला 'आ' काही केल्या बाहेर येईना. फोन ठेवला गेला. दुसरा नंबर, तेच. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याच्याकडे एकही संमती नव्हती आणि शर्ट पाठीला चिकटला होता. त्याने मनात राजीनाम्याची दोन वाक्यं जुळवली. ती तरी फोनवर सांगावी लागणार नव्हती एवढंच त्यातलं सुख.

जेवण झाल्यावर त्याने 'बावीस' या फाईलचा नंबर फिरवला. फोन उचलला गेला. मागे बाजाराचा गलबला ऐकू येत होता. कुणी हॅलो म्हटलं नाही. प्लगभाऊच्या तोंडातूनही काही फुटलं नाही. तो वाट बघत राहिला, फोन ठेवल्याच्या आवाजाची. तो आवाज आलाच नाही. पलीकडेही कुणीतरी श्वास घेत, न घाबरता, नुसतं थांबलेलं होतं.

मग दोघं एकदमच सुटले.

"आपला..."

"कोण..."

"ब-बोला, बोला."

"नाही, तुम्ही आधी."

पलीकडची बाई खळखळून हसली. "आता पटलं. फोन करून इतका वेळ गप्प बसणारं माणूस माझ्या ओळखीत एकाच ठिकाणचं असू शकतं. बोला सावकाश. लिलाव सुरू व्हायला अवकाश आहे."

"आपला श-शब्द सांगता का?"

"बावीस," ती म्हणाली. "फुलांच्या बाजारात लिलाव पुकारते मी. पूर्वी एकवीस झाले की थेट तेवीसवर उडी मारायचे. व्यापाऱ्यांना वाटायचं, बाई भाव चढवण्यात वस्ताद. आता बघा. बावीस. बावीस. बावीस."

मागून कुणीतरी पुरुषी आवाजात म्हणालं, "घेतला."

"अहो, तो भाव नव्हता. मी फोनवर बोलतेय. टोपली ठेवा खाली." मग पुन्हा फोनमध्ये, "माझी फाईल ना? ठेवा जपून. पण मला विचारल्याशिवाय कुणी ऐकायची नाही."

"क-कुणी नाही. मीसुद्धा नाही."

फोन ठेवल्यावर प्लगभाऊने नंबरांचा कागद पुन्हा पुढे ओढला. ही माणसं थांबतात, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळ्या जगाला त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ फोन बिघडलाय असा लागायचा. या नंबरांवरच्या माणसांना मात्र तो अर्थ अचूक माहीत होता. त्यांनी स्वतः त्याच गप्पपणात वर्षं काढली होती. त्याने सकाळचे दोन्ही नंबर पुन्हा लावले. "मघाशी तुम्हीच ना?" दोघांनीही विचारलं. एकाने तर ठेवून दिल्याबद्दल माफी मागितली. संध्याकाळपर्यंत 'दरवाजा', 'कोथिंबीर' आणि 'मंगळवार' यांच्यासकट बऱ्याच फायलींच्या संमती गोळा झाल्या. 'मंगळवार'ने तर आठवड्याचे सातही वार म्हणून दाखवले.

मग ती फाईल आली, जिचं नाव एका बाईचं होतं. ते नाव इथे लिहिता येणार नाही, फाईल गोपनीय आहे. प्लगभाऊला वाटलं, बाईच असणार. स्वतःचंच नाव घशात अडकणारे कितीतरी लोक असतात, तोही त्यांच्यातलाच होता. फोन एका बाईने उचलला.

"आपला शब्द स-सांगता का?"

"कसला शब्द? कोण बोलतंय?"

म्हणजे ही ती नव्हे. आता 'चुकीचा नंबर' म्हणायचं आणि ठेवायचं. पण 'चु' ओठांवर येऊन अडला तो अडलाच. ती "हॅलो, हॅलो" करत राहिली आणि शेवटी त्याने तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच बाई, पुन्हा तोच 'चु'. त्याच्या पुढच्या दिवशी तर तिने उचलल्या उचलल्या विचारलं, "आज तरी बोलणार आहेस का?" आणि त्याची बोबडीच वळली.

तासाभराने अडगळीच्या खोलीतला टेलिफोन स्वतःहून वाजला. प्लगभाऊने जन्मात वाजता फोन उचलला नव्हता. मॅडमच्या खोलीचं दार बंद होतं, आत एक माणूस मोठ्याने वाचत होता. घंटीने त्याचं वाचन अडखळलं. ते ऐकवेना म्हणून प्लगभाऊने फोन उचलला.

"कोण गं तू भवाने?" पलीकडून तोफ सुटली. "मी त्यांची बायको बोलतेय. नवरा अंघोळीला गेला की फोन करायचा, आणि मी उचलला की मूग गिळून बसायचं. आता मी लावलाय, आता बोल. दर गुरुवारी कात्रीला धार लावायला जातो म्हणून घरातून निघतात ते तुझ्याकडेच येत होते ना? दोन वर्षं. शिंप्याची कात्री असली म्हणून काय झालं, एवढी धार लावली असती तर तिचं नेलकटर उरलं असतं."

 प्लगभाऊने डोळे मिटले, मॅडमनी शिकवला होता तसा श्वास सोडला आणि त्या श्वासावर पहिला शब्द ठेवला.

"म-म-मी... ब-बाई नाहीये."

 आता ती ठेवणार, त्याला वाटलं. तिने ठेवला नाही. तिचा आवाज आला तेव्हा त्यातली तोफ गेली होती.

"अगंबाई. तुम्ही पण यांच्यासारखेच बोलता."

प्लगभाऊने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सावकाश बोला. मला घाई नाही. यांच्याबरोबर संसार केलाय मी, मला थांबायची सवय आहे." मग तिच्या डोक्यात काहीतरी जुळत गेलं असावं. "म्हणजे गुरुवारी हे... तिकडे, बोलणं शिकायला येत होते?"

"म-मला काहीच स-सांगता येणार नाही."

"नका सांगू. मी विचारलंच कुठे?" तिच्या आवाजात हसू शिरलं होतं. "आणि मी मेली कात्रीचा वास घेत बसायची, दुसऱ्या बाईच्या अत्तराचा येतो का म्हणून. अहो, ऐकलं का? इकडे या. तुमच्या धारवाल्याचा फोन आहे."

शिलाई मशीनची खडखड थांबली. पावलं आली. पुरुषाचा घाबरलेला आवाज आला, "ह-हॅलो?"

"आपला शब्द सांगता का?" प्लगभाऊने विचारलं. ते वाक्य एका दमात, जराही न अडता बाहेर पडलं, आणि हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

शिंपी थांबला. त्याच्या घरात त्याची बायको समोर उभी होती आणि कानात तिचंच नाव विचारणारा माणूस होता. मग त्याने ते नाव घेतलं. पहिलं अक्षर थोडं लांबलं, पण नाव सबंध आलं.

"काय?" मागून बायको म्हणाली, हाक मारल्यावर म्हणतात तसं.

"तुला नाही. फोनवर म्हणतोय."

"माझं नाव घेतलंत तुम्ही."

"घे-घेतलं."

"लग्न झाल्यापासून नुसतं 'अगं' म्हणताय. मला वाटायचं माझं नाव तुम्हाला आवडत नाही." ती जरा थांबली. "परत म्हणा."

"अगं, तो माणूस ताटकळलाय."

"थांबेल तो. त्यालाही सवय असणार. म्हणा."

प्लगभाऊ खरोखर थांबला. शिंप्याने ते नाव पुन्हा घेतलं, आणि मग न सांगताच आणखी एकदा. संमती विचारल्यावर तो म्हणाला, "दोन्ही रेकॉर्डिंग ठेवा, पहिलं पण. कधीतरी हिला ऐकवेन." प्लगभाऊने रेकॉर्डरचं बटण बंद केलं.

तरीही त्याने सगळा प्रकार मॅडमना सांगितला. गोपनीयतेचा भंग झाला असेल तर आपल्यामुळेच, असं त्याचं म्हणणं होतं. मॅडमनी वकिलासारखी उलटतपासणी घेतली. "तू नेमकं काय बोललास?"

"म-मी बाई नाहीये."

"यात गुपित काही नाही, ते सगळ्यांना दिसतं. आणखी?"

"मला काही सांगता येणार नाही."

"हा तर नियमच झाला. बाकी जे कळलं ते तिला तिच्या संसारातून कळलं." मॅडम हसल्या. "फक्त यापुढे 'चुकीचा नंबर' असा हट्ट नको. जे तोंडातून निघेल ते म्हण."

त्यानंतरचे फोन सुतासारखे सरळ झाले असं नाही. 'आ' अडायचा, कधी 'श'. पण आता तो अडला की प्लगभाऊ घाबरायचा नाही, थांबायचा. संमती आलेल्या फायली तो रोज संध्याकाळी नव्या साठवणीत हलवायचा, दोन्हीकडे त्यांचा आकार तंतोतंत जुळतो का पाहायचा आणि मगच जुन्या संगणकातून काढून टाकायचा. घरघर अर्थातच कमी झाली नाही, पण त्याला उगाच वाटायचं की झाली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी एकच फाईल उरली. तिचं नाव होतं 'पाणी'.

या माणसाशी त्याचं अनेकदा बोलणं झालं होतं. बोलणं म्हणजे काय, प्लगभाऊ शब्द विचारायचा आणि तो माणूस 'प' वर उभा राहायचा. ओठ मिटल्याचं फोनमधूनही कळायचं. मग एक लांब उसासा आणि फोन बंद. हॉटेलात तहान लागली की हा चहाच मागवत असणार, हे प्लगभाऊने न सांगता ओळखलं होतं. त्याने स्वतः कितीतरी वर्षं नको ते पदार्थ खाल्ले होते, कारण हव्या त्यांची नावं घेता येत नव्हती.

"राहू द्या शब्द," शेवटी प्लगभाऊनेच सुचवलं होतं. "मी मॅडमशी बोलतो. त्या आवाजावरून ओळखतील तुम्हाला."

"नको," तो माणूस म्हणाला होता. "म्ह-म्हणेन मी. शब्द म्हणूनच संमती देईन."

"मग क-कधीही करा. माझ्या मोबाइलवर करा. आजचाच दिवस आहे."

दिवस सरला, फोन आला नाही. मॅडमनी उद्या सकाळी पहिलं काम म्हणून जुना संगणक कोरा करायला सांगितला होता. प्लगभाऊ घरी आला आणि ताटावर बसला. ताईने वाढलं. ती अजून थोडी घुश्शातच होती. इतके दिवस हा फोन करतोय आणि आपल्याला त्यातलं काडीचंही कळत नाही, हे तिच्या पचनी पडलं नव्हतं. इतक्यात मोबाइल वाजला. सवयीने ताईचाच हात आधी गेला.

"ताई, नको."

त्याने फोन घेतला, नंबर पाहिला आणि उभा राहिला. रेकॉर्डिंग सुरू केलं. "ताई, जरा बाहेर थांब आणि दार लोटून घे. ख-खासगी आहे."

"माझ्याच स्वयंपाकघरातून मला बाहेर काढतोस?" ताई म्हणाली, पण त्याचा चेहरा पाहून गेली. दार लोटलं, जरा फट ठेवून.

फटीतून तिला दिसलं ते असं. तिचा भाऊ फोन कानाला लावून उभा होता. "आपला शब्द सांगता का?" एवढं तो म्हणाला, आणि मग काहीच नाही. तो बोलत नव्हता, ऐकत असावा असंही वाटत नव्हतं. आमटीवर साय धरू लागली.

"फोन कट झालाय रे," ताई फटीतून कुजबुजली.

त्याने मान हलवली. नाही झालेला.

ताईने लहानपणापासून त्याच्या प्रत्येक गप्प बसण्यावर स्वतःचं वाक्य टाकून ते बुजवलं होतं. वर्गात, दुकानात, पाहुण्यांसमोर. आताही तिच्या जिभेवर दोन-तीन वाक्यं आली. पण तिथे, त्या फोनच्या दोन्ही टोकांना, कुणी बुडत नव्हतं. तिचा भाऊ आरामात उभा होता, बसस्टॉपवर ओळखीच्या माणसाची वाट बघत उभं राहावं तसा. ताईने वाक्यं गिळली. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता, तो तिने जाऊन बंद केला. वरच्या मजल्यावरची पोरं जिन्यात धावत होती, त्यांना दार उघडून हातानेच दटावलं. मग परत येऊन फटीला उभी राहिली आणि स्वतःचा श्वाससुद्धा हळू घेऊ लागली.

प्लगभाऊच्या चेहऱ्यावर आधी काही झालं नाही. मग भुवया वर गेल्या. मग तो हसला, सगळ्या तोंडाने.

"ऐकलं," तो फोनमध्ये म्हणाला. "स्व-स्वच्छ ऐकलं. हो, सबंध. आता संमती आहे म्हणा म्हणजे झालं. हं. आता तुमची फाईल कुणी पुसू शकत नाही. म्हणा की, परत म्हणा. मला घाई नाही."

त्याने फोन ठेवला तरी तो तसाच उभा होता. ताईने दार ढकललं, त्याच्या ताटातली थंड आमटी परत पातेल्यात ओतली आणि गॅस लावला. कोण होतं, काय होतं, हे तिने विचारलं नाही. तिला फार जड गेलं ते.

"बोलला का रे?" तिने एवढंच विचारलं.

"बोलला," प्लगभाऊ म्हणाला.

"बरं झालं बाई," ताई म्हणाली आणि आमटी ढवळू लागली.